गेममध्ये मेडकिट (उचलून लावायची औषधपेटी) हवी की आपोआप भरणारी हेल्थ? बोला

लालबाग_स्नायपर: काल ग्रुपवर यावरून जुंपली म्हणून इथे टाकतोय. भिंतीमागे बसलं की हेल्थ आपोआप फुल, असले गेम म्हणजे नुसते लाड. बीजीएमआयमध्ये (मोबाइलवरचा शूटिंग गेम) फर्स्ट एड किट लावायला ६ सेकंद जातात, हेल्थ पण १०० पैकी ७५ पर्यंतच, पुढचं ड्रिंक नाहीतर पेनकिलर मारून हळूहळू चढवायचं, आणि त्या ६ सेकंदात बाजूच्या खोलीत पावलं वाजली की किट सोडून बंदूक उचलायची का तसंच लावत बसायचं, तेव्हा जी तंतरते ना, खरा गेम तोच.

सायन_स्लो: तंतरते तुझी, बाकीचे गेममधल्या घराच्या बाथरूममध्ये दार लावून बसतात. मल्टिप्लेअरला ठीक आहे रे. स्टोरी मोडमध्ये १० हेल्थवर चेकपॉइंट (मेलो की जिथून परत सुरू होतं ते) सेव्ह झाला आणि पुढे किटच नाही, मग? २००५ ला कॉल ऑफ ड्यूटी २ ने किट काढून टाकल्या ते बरंच केलं. प्लेअर फुल हेल्थवर येणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो प्रत्येक फाइट कडक ठेवू शकतो.

लालबाग_स्नायपर: आणि आपण कठड्यामागे बसून लाल स्क्रीन साफ व्हायची वाट बघायची, वा. १९९३ चा डूम खेळ एकदा. स्टिमपॅक १०, मेडिकिट २५, आणि हवी तर उठून शोधायला जायचं, लपून काही मिळत नाही.

गिरगाव_काका: मुस्तफा कोणी खेळलंय का इथे? कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हो, पार्लरमधला. पिंप फोडलं की खायला निघायचं, आपली लाइफ संपत आलेली आणि बाजूचा शहाणा फुल लाइफ असताना झडप घालून उचलणार. बाहेर आल्यावर खरी मारामारी 😂

सायन_स्लो: काका तेच तर, ज्याला नको त्यालाच मिळते. आणि आरपीजीवाले (रोल-प्लेइंग गेम खेळणारे) पोशन, म्हणजे हेल्थ भरायचं औषध, जपून जपून ठेवतात, शेवटचा बॉस मेला तरी बॅग भरलेलीच. वापरायचीच नाही तर दिली कशाला?

दादर_पूर्व: यावर डार्क सोल्स बघा. एस्टस फ्लास्क (हेल्थ भरायच्या बाटल्या) मोजून मिळतात, बोनफायरला (विसाव्याची शेकोटी) बसलं की परत भरतात पण मारलेले साधे शत्रू पण परत उभे राहतात. साठवायचा प्रश्नच नाही.

लालबाग_स्नायपर: म्हणजे फुकट नाही. माझाच मुद्दा.

सायन_स्लो: परत भरतात वाचलं नाहीस का? माझा मुद्दा.

गिरगाव_काका: दोघं रात्री बीजीएमआयला रूम (आपली खासगी मॅच) लावा आणि काय ते मिटवा, मी बाथरूममध्ये आहे.