मदत हवी आहे: आरएनएला बांधणाऱ्या प्रथिनाचं मॉडेल नेमकं काय शिकतंय?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी बायोइन्फर्मेटिक्सचा शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे. आरबीफॉक्स२ हे प्रथिन आरएनएवर कुठे बसतं ते निव्वळ क्रमावरून ओळखायचं आहे. एन्कोड या खुल्या डेटासंग्रहावरून हेपजी२ या मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशींचे ईक्लिपचे (प्रथिन आरएनएवर कुठे बसतं ते शोधणारा प्रयोग) पीक (शेतातलं नव्हे, प्रथिन बसलेलं सापडलं त्या जागा!) उतरवले, प्रत्येकाच्या मध्याभोवतीची २०१ अक्षरं कापली. निगेटिव्ह (प्रथिन न बसणारे नमुने) म्हणून जीनोममधून कुठूनही तेवढेच तुकडे उचलले. त्यावर डीपबाइंड या मॉडेलच्या धर्तीचं छोटं सीएनएन (क्रमातले नमुने शोधणारं न्यूरल नेटवर्क). क्रोमोसोम ८ आणि ९ चाचणीसाठी बाजूला ठेवलेत.

एयूसी (मॉडेल किती चांगलं ओळखतं त्याचं माप; १ म्हणजे बिनचूक, ०.५ म्हणजे नुसता अंदाज) ०.९३ आला. सर खूश, मीही.

मग मॉडेलचे फिल्टर (ते कुठले अक्षरक्रम शोधतं ते) उघडून बघितले. एकात ‘यूजीसीएयूजी’ दिसतं, ते अपेक्षितच होतं, आरबीफॉक्स२ ची ती ओळखीची खूण. दुसऱ्यात मात्र ‘सीएयूजीसीए’, तेही तितकंच ठळक, आणि ते कुठल्याच पेपरात सापडेना. सर म्हणतात नवा मोटिफ (प्रथिन ओळखतं तो छोटा अक्षरक्रम) आहे, पोस्टरवर टाकू. माझं मन धजत नाही. शिवाय तुकड्यांतलं यूजीसीएयूजी मुद्दाम बिघडवलं तरी स्कोअर जेमतेम हलतो. मग हे मॉडेल बघतंय तरी काय? शुक्रवारी गोषवारा द्यायचाय, जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
सीएयूजीसीए हे यूजीसीएयूजीचंच उलटं-पूरक रूप (उलटं वाचून ए-यू, सी-जी अदलाबदल केली की मिळणारं) आहे, कागदावर लिहून बघा. बेडटूल्सच्या गेटफास्टाला (जीनोममधून क्रम कापणाऱ्या आज्ञेला) ‘एस’ पर्याय (धाग्याची दिशा पाळण्याचा) दिला होता का? नसेल तर डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उणे धाग्यावरच्या जनुकांचे तुकडेही अधिक धाग्यावरूनच वाचले गेलेत. डीएनएवर बसणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत हे खपून जातं, तिथे दोन्ही धागे हजर असतात. इथे नाही.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण खरा घोळ निगेटिव्हमध्ये आहे. कुठूनही उचललेल्या तुकड्यांतल्या बऱ्याच जागांवरून त्या पेशीत आरएनए बनतच नाही. म्हणजे मॉडेल ‘बांधलं का’ हे न शिकता ‘जनुकातलं आहे का’ हे शिकतं. नुसत्या अक्षर-जोड्यांच्या मोजणीवर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन चालवून बघा, तेही ०.९ च्या आसपास गेलं तर सीएनएनची फुशारकी संपली. निगेटिव्ह त्याच ट्रान्सक्रिप्टमधून (जनुकाच्या आरएनए प्रतीतून) घ्या, इन्ट्रॉनला (नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागाला) इन्ट्रॉन. किंवा दुसऱ्या प्रथिनांचे पीक वापरा: ईक्लिपमध्ये २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीने प्रथिन-आरएनए जोडणी करतात, ती युरिडिनशी (‘यू’ अक्षराशी) जास्त होते, आणि हा कल दोन्ही बाजूंना असला की मॉडेलला त्याचा फायदा उठवता येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, आरबीफॉक्स२ च्या बऱ्याच पिकांमध्ये हा मोटिफ मुळातच नसतो. त्याचा दोष मॉडेलला देऊ नका.

धागाकर्ती
‘एस’ दिलाच नव्हता. 🤦 तो दिल्यावर दुसरा फिल्टर गायब! जुन्या डेटावर लॉजिस्टिकनेही ०.८८ दिला, तेव्हा पोटात गोळाच आला. निगेटिव्ह बदलून सीएनएन पुन्हा शिकवलं तर एयूसी ०.७९, पण मोटिफ बिघडवला की स्कोअर आता धाडकन खाली येतो. दोघांचेही मनापासून आभार.

सरांना पोस्टरचं कसं सांगायचं, यासाठी वेगळा धागा काढते.