स्वीडनमध्ये नोकरी गेली तर 'लास' खरंच वाचवतो का?

किस्टाकर (धागाकर्ता)

गेल्या ऑक्टोबरात माझी नोकरी गेली. त्याआधी दोन महिने नुसती कुजबुज. कंपनीने 'वार्सेल' दिलं होतं, म्हणजे किती माणसं कमी करायची तो आकडा सरकारी रोजगार कार्यालयाला कळवला होता. एका लेनमध्ये (आपल्याकडचा जिल्हा समजा) पाच किंवा जास्त जणांना काढायचं असेल तर कळवावंच लागतं. आकडा पेपरात आला, नावं नाहीत. एरवी फीकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीला, दालचिनीच्या बन्सवर उड्या पडायच्या. त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी ताटात चार-पाच तसेच पडलेले असायचे.

मग एका मंगळवारी सव्वादहाला बोलावणं आलं. मॅनेजर, एचआरची बाई, टेबलावर दोन पानं आणि एक नवंकोरं पेन. कारण एका शब्दात: आर्बेट्सब्रिस्ट, काम उरलेलं नाही. पुण्यात भावाला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "आज शेवटचा दिवस का?" म्हटलं, नाही रे, फेब्रुवारीत. त्याला आधी खरंच वाटेना.

लास म्हणजे इथला नोकरी-संरक्षणाचा कायदा. पहिला १९७४चा, आत्ता चालतो तो १९८२चा. त्याप्रमाणे दोन वर्षांच्या आतल्या माणसाला कमीत कमी एक महिन्याची नोटीस, पुढे दर दोन वर्षांमागे एक महिना वाढत दहा वर्षांना सहा महिने. माझी सहा वर्षं चार महिने भरली होती, म्हणून चार महिने मिळाले. या काळात काम दिलं नाही तरी पगार चालू. मुलाखतीला जायला पगारी वेळ. शिल्लक रजा या काळात जबरदस्तीने संपवायला लावता येत नाही. नोटीस लेखीच हवी, आणि दाद कशी मागायची तेही त्या कागदावर लिहिलेलं हवं. नोटीस अमान्य आहे असं दोन आठवड्यांत कळवलंत तर वाद मिटेपर्यंत नोकरी चालूच राहते.

माझं मत स्पष्ट आहे. हा कायदा नोकरी वाचवत नाही, पण सावरायला वेळ देतो आणि तो वेळ फार मोठा आहे. आपली माणसं मात्र घाबरून त्या नव्याकोऱ्या पेनाने पहिल्याच बैठकीत सही करून मोकळी होतात. पॅकेजचा आकडा मोठा दिसतो. खाली बारीक अक्षरात नोटिशीचे महिने, दाद मागण्याचा हक्क, पुन्हा कामावर घेण्याचा अग्रहक्क, सगळं सोडून दिलेलं असतं. कायदा चांगला आहे, आपण तो वाचत नाही, एवढंच.

सह्याद्री_ते_स्कोने

किस्टाकर, असहमत. आणि थोडा रागही आला, तो आधीच सांगून टाकतो.

तुम्ही नऊ-दहा वर्षं इथे आहात, कायमचा रहिवास हातात आहे. त्या खुर्चीतून कायदा चांगलाच दिसणार. माझी कहाणी ऐका. चौदा महिन्यांची नोकरी, म्हणून एक महिना नोटीस. वर्क परमिट त्याच मालकाशी बांधलेलं. नोकरी संपल्यावर दुसरी शोधायला मला तीन महिने मिळाले. मुलगी फर्स्कूलात (बालवाडीत) नुकती रुळली होती, घर पोटभाड्याने घेतलेलं, त्याचीही वेगळी नोटीस.

गंमत बघा. कामाअभावी काढलेल्या माणसाची मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त नोकरी झाली असेल, तर नोकरी संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत तसंच काम निघाल्यावर त्याला आधी विचारावं लागतं. माझे चौदा महिने, म्हणजे मी त्यात बसतो. हक्क हवा असं लेखी कळवायचं असतं, तेही केलं. पण हक्क नऊ महिन्यांचा आणि व्हिसा तीन महिन्यांचा! सहाव्या महिन्यात त्यांनी माणूस शोधायला काढला असता तर मी कुठून अर्ज करणार होतो, नाशिकहून?

आणि 'शेवटी आलेला आधी बाहेर' हा नियम. आपण इथे कायम शेवटीच आलेले असतो. कामाला लागल्याची तारीख सारखी असेल तर वयाने मोठा तो राहतो, लहान तो जातो. मी एकतीस वर्षांचा. हा नियम इथल्या जुन्या माणसांनी जुन्या माणसांसाठी केलेला आहे, यात मला तरी शंका नाही.

लंचबुफे_माल्मो

मी टेबलाच्या पलीकडे बसणारा, म्हणजे मालक. तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

माझ्याकडे सात माणसं. ऑफिसवाले शुक्रवारी घरून काम करायला लागले आणि शुक्रवारचा लंच बसला. दोघांना कमी करायचं ठरलं. एकाला चार महिने नोटीस. पगार ३०,००० क्रोना, त्यावर मालकाचं अंशदान ३१.४२ टक्के, म्हणजे महिन्याला ३९,४२६. गुणिले चार करा, दीड लाखाच्या वर जातं. गिऱ्हाईक नाही म्हणून काढायचं आणि गिऱ्हाईक नसतानाच एवढे पैसे उभे करायचे. मोठ्या कंपनीला हे जमतं. माझ्यासारख्याची त्यात गाळण उडते.

सह्याद्री, तुमच्या मुद्द्याला उलटं उदाहरण देतो. माझा तंदूरवाला सगळ्यात नवा. रांगेप्रमाणे पहिला तोच जायचा. पण १ ऑक्टोबर २०२२ पासून कुठल्याही मालकाला तीन माणसं या रांगेबाहेर ठेवता येतात, म्हणजे ती नवी असली तरी राहतात. आधी ही सवलत दहापर्यंत माणसं असलेल्यांनाच होती आणि तीही दोनच जणांची. ज्या बदलाला संघटनावाले नावं ठेवतात, त्याच बदलामुळे परमिटवर आलेला माझा माणूस राहिला आणि पंधरा वर्षं इथे असलेला गेला. आता सांगा, कायदा कुणाचा?

सह्याद्री_ते_स्कोने

तुमच्याकडे तंदूर कुणाला जमतो हे पहिल्या दिवशी कळतं हो. आमच्याकडे रांगेबाहेर ठेवलेले तिघेही मॅनेजरबरोबर गुरुवारी बिअर प्यायला जाणारे होते. मी गुरुवारी मुलीला आणायला जायचो. पुरावा काही नाही, कारण मालकाने निवडलेल्या त्या तिघांवरून कोर्टात जाता येत नाही. भेदभाव झाल्याचं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी, आणि ते दाखवायचं कसं?

उप्सालाची_काकू

किस्टाकर, एक दुरुस्ती, कारण कुणीतरी तुमचं वाचून अडकेल. वाद मिटेपर्यंत नोकरी चालू राहते हे जुनं झालं. लंचबुफे म्हणतायत त्याच बदलात ते गेलं. १ ऑक्टोबर २०२२ नंतर दिलेल्या नोटिशीला आव्हान दिलंत तरी नोकरी नोटिशीबरोबर संपते. दोन आठवड्यांची मुदत आहे ती नोटीस अमान्य ठरवून घेण्यासाठी. नुसती भरपाई मागायची असेल तर चार महिने. केस जिंकलात तर मागचं मिळेल, पण तोवर घर तुम्हीच चालवायचं.

आणखी एक, तरुण आयांसाठी. पालकत्व रजेवर असताना कामाअभावी नोटीस आली तर नोटिशीचे दिवस कामावर परतण्याच्या दिवसापासून मोजतात. माझ्या भाचीला एचआरने उलटं सांगितलं होतं. कागद दाखवला तेव्हा बाईंचा सूर बदलला.

आता मत. मी इथे १९९४पासून आहे. २०२२चा बदल हा सौदा होता. मालकांच्या संघटनेने काढायची सोय मिळवली, बदल्यात कामगार संघटनांनी शिकायची सोय मिळवली. चौदा वर्षांत आठ वर्षं काम झालेलं असेल तर चव्वेचाळीस आठवड्यांपर्यंत पगाराच्या मोठ्या हिश्शावर पुन्हा शिकता येतं. नोकरी जाण्याची वाटही बघावी लागत नाही. माझ्या शेजारीण बाईंनी पन्नाशीनंतर याच पैशांवर पूर्णवेळ अभ्यासक्रम केला. खुर्चीला चिकटून बसण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं.

सह्याद्री_ते_स्कोने

काकू, आठ वर्षं राहायला मिळाली तर शिकू की!

पुणेरी_बेंचवरून

इथे पुण्यात बसून वाचतोय आणि हसावं की रडावं कळत नाही. तुम्ही एक महिना की चार महिने यावर भांडताय. मला दुपारी अडीचला मीटिंग रूममध्ये बोलावलं. "साडेचारपर्यंत राजीनाम्याचा मेल टाका, नाहीतर अनुभवपत्रावर 'टर्मिनेटेड' लिहावं लागेल." सव्वाचारला टाकला. कागदोपत्री मी स्वखुशीने गेलो.

पण मुद्दा वेगळाच आहे. शेवटी आलेला आधी बाहेर हा नियम स्वीडनचा म्हणून काय मिरवताय? आपल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-जी बघा, नेमकं हेच होतं. त्याच्या पुढचं २५-एच म्हणजे काढलेल्याला पुन्हा घेताना प्राधान्य. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही हे राहिलं आहे. हे लिहून ठेवलेलं आहे हे आमच्या फ्लोअरवर चारशे माणसांत कुणाला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्यालाही सांगण्यात आलं की तू कामगार नाहीस, तू 'लीड' आहेस. माझ्या हाताखाली एक माणूस होता, तोही नोटिशीवर.

म्हणून किस्टाकर, "कायदा चांगला आहे" हे मला पटत नाही. कायदा दोन्हीकडे आहे. तुमच्याकडे त्या खोलीत तुमच्या बाजूने बसायला माणूस असतो, आमच्याकडे नसतो. फरक संघटनेचा आहे.

किस्टाकर

काकू, दुरुस्तीबद्दल आभार, माझी चूक. २०२१मध्ये मित्राची केस बघितली होती, तेच डोक्यात बसलं होतं.

पुणेरी, तुमच्या शेवटच्या ओळीवर काय बोलू? वार्सेलची बातमी येईपर्यंत मी फॅकेटचा (युनियनचा) सदस्य नव्हतो. महिन्याला काही शे क्रोना कशाला घालवायचे, असा हिशेब. आ-कस्साचा सदस्य मात्र होतो, बेकारी भत्त्याचा तो फंड ऐच्छिक असतो. तिथलीच एक म्हण झाली आहे आमच्या ग्रुपमध्ये: छत्री पाऊस पडल्यावर विकत मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून भत्ता मिळकतीवर मोजतात. वर्षभर सदस्य असाल तर सुरुवातीला ८० टक्के, पण महिना ३४,००० क्रोनांपर्यंतच्याच मिळकतीवर. म्हणजे जास्तीत जास्त २७,२००, आणि त्यावर कर. स्टॉकहोममध्ये त्यातलं भाडं गेलं की काय उरतं ते विचारू नका.

आणि पुणेरी म्हणतात तसा राजीनामा इथे लिहून दिलात तर भत्ता सुरुवातीला अडवतात. तेव्हा "तुझ्या सीव्हीला बरं दिसेल" म्हणून कुणी राजीनामा मागितला तर लिहून देऊ नका.

लंचबुफे_माल्मो

फॅकेटबद्दल एक सांगू? मला वाटलं होतं ती बाई भांडायला येईल. आली, डाळ-भात खाल्ला, माझे हिशेब बघितले आणि म्हणाली, दोघांना काढण्याऐवजी एकाला अर्धवेळ दुसऱ्या कामावर घेता येईल का ते आधी बघा, ते बघणं तुम्हाला कायद्यानेच भाग आहे. मला माहीतच नव्हतं. शेवटी एकच गेला. नोटिशीच्या पैशांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

ऑनसाईट_चौथा_महिना

सगळे प्रतिसाद वाचले. मी गोथेनबर्गला भारतीय कंपनीतर्फे क्लायंटकडे आहे. काल सांगितलं की प्रोजेक्ट बंद, शनिवारचं तिकीट काढलंय, परत गेल्यावर 'बघू'. मला नोटीस किती मिळेल? सहा महिन्यांच्या आत आहे म्हणून प्रोबेशन धरतात का?

सह्याद्री_ते_स्कोने

तिकिटात बसण्याआधी काहीतरी लेखी घे भावा. तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस.

उप्सालाची_काकू

अरे बाळा, प्रोबेशनचं नंतर. ज्याला कंपनीने तात्पुरतं इथे पाठवलं आहे त्याला इथले कामाचे तास, सुट्ट्या, भेदभावाचे नियम लागू होतात, पण नोकरीवरून काढण्याबद्दलचं संरक्षण सहसा लागू होत नाही. ते तुझा करार ज्या देशाचा, तिथलं. म्हणून आधी तुझा करार काढ. 'मालक' या शब्दापुढे कुणाचं नाव आहे? स्वीडिश कंपनीचं, तिचा नोंदणी क्रमांक वगैरे? पगार कुठल्या खात्यात येतो?

ऑनसाईट_चौथा_महिना

बघितलं काकू. पगार पुण्याच्या खात्यात, इथे फक्त रोजचा भत्ता येतो. मालकापुढे जो पत्ता आहे तो हिंजवडी, फेज २.