रात्री सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) नसताना अल्वाराडो स्कोअर (अपेंडिक्सला सूज असण्याची शक्यता मोजणारे १० गुण) कसा धरायचा?

सत्तरी_पीएचसी:
आमच्याकडे रात्री लॅब बंद, रक्ताचा रिपोर्ट सकाळीच. समजा २२ वर्षांचा मुलगा आला. बेंबीभोवतीचं दुखणं उजवीकडे खाली सरकलंय, जेवण नको, उलटी-मळमळ नाही, ताप ९९.४, दाबल्यावर दुखतं, हात सोडल्यावर जास्त. अल्वाराडो ६ येतो. ५-६ ला नजरेखाली ठेवा म्हणतात. सकाळपर्यंत ठेवू की १०८ बोलावून गोमेकॉला (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) पाठवू? एआयआर स्कोअर (अपेंडिक्ससाठीचाच दुसरा, १२ गुणांचा) बरा पडेल का?

सर्जन_फोंडा:
डॉक्टर, हा ६ दहापैकी नाही, सातपैकी आहे. पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर असल्या की २ गुण आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ७५ टक्क्यांच्या वर असले की १, असे ३ गुण लॅबचे. न केलेली तपासणी म्हणजे शून्य नव्हे. या मुलाचा खरा स्कोअर ६ ते ९ मध्ये कुठंतरी आहे, तेव्हा पाठवा. उलट बाजूनंही तेच: लॅबविना ३ आला तर '५ च्या खाली, अपेंडिक्स नाही' म्हणून सोडू नका, सकाळी तो ६ होऊ शकतो.

पाठवताना उपाशी ठेवा, सलाईन लावा, शिरेतून पॅरासिटामॉल द्या. दुखणं थांबवलं तर निदान हुकतं, ही भीती जुनी झाली. फक्त औषध आणि वेळ चिठ्ठीवर लिहा. अँटिबायोटिक सर्जनशी फोनवर बोलूनच.

रेसिडेंट_बांबोळी:
चिठ्ठीवर नुसता 'अल्वाराडो ६' नको, कुठले गुण दिले ते लिहा. सगळ्यात जास्त घोळ तापात होतो. अल्वाराडोत ३७.३ सेल्सिअस, म्हणजे ९९.१ फॅरनहाइटलाच गुण मिळतो; १०० ची वाट बघायची नाही. एआयआरमध्ये मात्र ३८.५, म्हणजे १०१.३ लागतो. घरून क्रोसिन घेऊन आलाय का, तेही विचारा.

'दुखणं सरकलं का?' असं विचारलं की पेशंट हो म्हणून मोकळा होतो. 'पयलीं खंय दुखतालें?' विचारा आणि बोट ठेवायला लावा. रिबाउंडसाठी (हात सोडल्यावर वाढणारं दुखणं) खोल दाबून झटकन हात काढायची गरज नाही; खोकायला सांगा, हलकं टिचकून बघा.

जीएमओ_मडगाव:
बाईमाणूस असेल तर स्कोअरच्या आधी यूपीटी (लघवीतून गर्भ आहे का ते बघणं). बाळंतपणाच्या वयात अल्वाराडो फुगतो. गर्भाशयाबाहेरचा गर्भ किंवा पीळ पडलेलं अंडाशयही ७ गाठून देतं. सोनोग्राफी हवीच. लघवीत थोड्या पू-पेशी दिसल्या म्हणून यूटीआयचा (लघवीच्या मार्गाचा संसर्ग) शिक्काही मारू नका, सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला टेकलं तरी त्या दिसतात.

एआयआर मोठ्यांमध्ये जास्त नेमका, सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या जेरुसलेम मार्गदर्शक सूचनाही त्याच्याच बाजूच्या. पण १२ पैकी ६ गुण पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल आणि सीआरपीचे (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन). लॅब नसताना त्याचा उपयोग काय? शिवाय दुखणं सुरू होऊन काही तासच झाले असतील तर सीआरपी वाढलेला नसतो.

सत्तरी_पीएचसी:
पटलं. पाठवतो. आणि सीबीसी होऊनही ४ च आला तर घरी?

सर्जन_फोंडा:
तरुण असेल, पोट मऊ असेल आणि घर जवळ असेल तर हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं. लहान मूल, गरोदर बाई किंवा साठीपुढचा माणूस असेल तर ४ वर विसंबू नका. आणि घरच्यांना बजावून सांगा: दुखणं एकदम थांबलं पण ताप चढला, पोट फुगलं, तर ते बरं झालेलं नसतं. फुटलेलं असू शकतं, लगेच आणायचं.