कृत्रिम हात मऊच हवा का? तुमचं मत सांगा

ओटीवाली:
स्पष्टच लिहिते, कृत्रिम हात असो की स्ट्रोकनंतर (पक्षाघातानंतर) हवेच्या जोरावर बोटं हलवून देणारा थेरपी ग्लोव्ह, आता सगळा जोर सॉफ्ट रोबोटिक्सवर, म्हणजे मऊ, वाकणाऱ्या साहित्याच्या यंत्रांवर द्यायला हवा. कडक हाताला अंडं धरायचं तर जोर मोजूनमापून लावावा लागतो, मऊ बोट मात्र वस्तूला टेकलं की आपोआप तिच्या आकाराप्रमाणे वळतं. इटलीचा पिसा/आयआयटी सॉफ्टहँड बघा, १९ सांधे आणि मोटर एकच! २०२१ मध्ये एमआयटी आणि शांघायच्या जियाओ तोंग विद्यापीठाने हवेवर फुगणारा हात दाखवला, वजन ३०० ग्रॅमच्या आत, सुट्या भागांचा खर्च ५०० डॉलरच्या आसपास, आणि कुठलं बोट दाबलं ते डोळे बांधलेल्या माणसाला उरलेल्या हातावर कळत होतं. अजून काय पाहिजे?

पेचकस:
टिकाऊपणा पाहिजे. हवेचा हात म्हणजे पंप, झडपा, नळ्या, बॅटरी, आणि एक बारीक चीर गेली की बोट लुळं. जड बॅग उचलायला गेलं की मऊ बोट सरळ व्हायला लागतं. २०१६ ला झुरिकच्या सायबॅथलॉनमध्ये, म्हणजे अपंगांनी सहाय्यक उपकरणं वापरून खेळायच्या स्पर्धेत, कृत्रिम हातांची शर्यत रॉबर्ट रॅडोसीने जिंकली, मोटर नसलेल्या, खांद्याच्या हालचालीने केबल ओढणाऱ्या हाताने. बाकीचे मोटरवाले मागे राहिले, सॉफ्टहँडवाली टीमपण होती त्यात.

ओटीवाली:
रॅडोसी स्वतः असे हात डिझाइन करणारा माणूस आहे हो, सराव दांडगा. शिवाय केबलवाले हातही लोक टाकून देतातच. २००७ मध्ये बिडिस आणि चाऊ या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले, त्यात मोठ्या माणसांमध्ये केबलवाले २६ टक्के आणि इलेक्ट्रिक २३ टक्के नाकारले गेलेले. म्हणजे दोन्हीकडे रडच आहे.

एकहाती:
मी कोपराखाली हात नसलेला माणूस, रोज हूक, म्हणजे बोटांऐवजी आकडा असलेला केबलवाला हात वापरतो म्हणून लिहितोय. केबल ताणली की पकड किती घट्ट झालीय ते मला खांद्यातच कळतं, बघावं लागत नाही. मऊ हात ट्रायलला घातला तेव्हा ग्लास छान धरला पण जमिनीवर पडलेला स्क्रू काही उचलेना, बोटांची टोकंच जाड, हूकची टोकं कशी बारीक असतात. पण ताईंचंही खरं आहे, हूकचा पट्टा दुसऱ्या बाजूच्या काखेत इतका काचतो की संध्याकाळी काढून ठेवावासा वाटतो, आणि लहान मुलाचा हात हुकात कसा धरणार? तेवढ्यासाठी मला मऊ हात हवाय.

निळीशाई:
मला ग्लोव्हबद्दल बोलायचंय. २०१९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रॅटुल्स नावाची ट्रायल आली, ७७० स्ट्रोक पेशंट, रोबोटने हाताचे व्यायाम करून घेतले तरी नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम काही सुधारलं नाही. पेशंटने प्रयत्नच केला नाही आणि ग्लोव्हनेच बोटं उघडली मिटली तर मेंदू शिकणार काय? घरच्यांना मात्र वाटतं मशीन चालू आहे म्हणजे थेरपी चालू आहे. मला याची खरंच भीती वाटते.

ओटीवाली:
भीती रास्त आहे, पण रॅटुल्समध्ये मोठी कडक मशीन होती, तिथे जाऊनच व्यायाम करायचा. ग्लोव्ह घरी जातो, आणि स्नायूचा सिग्नल आल्यावरच हवा भरेल असा सेट करता येतो, म्हणजे प्रयत्न आधी, मदत नंतर. घालायची पद्धतही शिकवावी लागते, मूठ आवळलेली असेल तर बोटं ओढायची नाहीत, आधी मनगट हळूच खाली वाकवायचं, बोटं आपोआप सैल पडतात, मग अंगठा बाहेर काढायचा आणि एकेक बोट आत सरकवायचं. हे दाखवलंच नाही तर ग्लोव्ह दोन आठवड्यात कपाटात जातो.

निळीशाई:
मिटायला हवा मदत करते हो, स्ट्रोकच्या हाताचं अवघड काम असतं उघडणं. आखडलेल्या बोटांपुढे मऊ ग्लोव्हचा जोर पुरतो का ते आधी दाखवा, मग घरोघरी द्या.

पेचकस:
म्हणूनच म्हणतो, आत कडक हाडं, वरून मऊ बोटं असा मिश्र हात करा. निव्वळ मऊचा हट्ट कशाला? निसर्गानेही केला नाही.

एकहाती:
मिश्र करा नाहीतर मऊ करा, पण बोट फाटलं तर ते मला एका हाताने बदलता आलं पाहिजे. पाना न लागता, कुणाला हाक न मारता. हे डिझाइन करणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच कागदावर लिहावं.