गोपाचलचा इतिहास आणि पाणी : संग्रहालयातल्या चार संध्याकाळींची आखणी कशी करावी?

लष्करकर७

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला जनकगंजजवळच्या वाड्यात तळमजल्याच्या दोन खोल्यांत आमच्या मंडळाचं छोटं संग्रहालय लागतंय. जुने फोटो, तांब्याचे हंडे, मोटेचं एक चाक, किल्ल्याचे दोन-तीन नकाशे, एवढाच ऐवज आहे. दिवाळीनंतर चार शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ, गोपाचल, म्हणजे किल्ल्याचा डोंगर, आणि त्याचं पाणी या विषयावर कार्यक्रम करायचे आहेत. माणसं साधारण साठ, त्यात शाळकरी मुलं आणि सत्तरीपुढचे आजी-आजोबा दोन्ही. खर्चाला १५,००० रुपये.

राजांची वंशावळ वाचून दाखवली तर दुसऱ्या शनिवारी खुर्च्या रिकाम्या राहतील, एवढं कळतं. मग क्रम काय लावावा? पाणी नुसतं सांगायचं की दाखवताही येतं? आणि मानसिंह राजाच्या राणीची, मृगनयनीची गोष्ट सांगावी की टाळावी?

पाणसळ

सुरुवात दगडापासून करा. राजे मागून येतात.

डोंगर सुमारे अडीच किलोमीटर लांब, अरुंद, आणि शहराच्या पातळीपासून शंभरएक मीटर उंच. वर विंध्यन वालुकाश्म, खाली त्याहून जुने ग्वाल्हेर गटाचे खडक. माथ्यावर नदी नाही, झरा नाही. तिथे राहायचं तर पावसाचं पाणी अडवायचं, नाहीतर पायथ्याचं राखायचं, हे दोनच मार्ग. ही गोष्ट पहिल्याच संध्याकाळी लोकांच्या हाताला लागली पाहिजे.

त्यासाठी प्रतिकृती करा. आडवं प्रमाण १:२५०० ठेवलंत की डोंगर एक मीटर लांबीचा होतो आणि दोन टेबलं जोडून त्यावर मावतो. उंचीसाठी १० मि.मी. जाडीचा थर म्हणजे १० मीटर धरा. दहा थर, दहा सेंटीमीटर. म्हणजे उंची अडीच पट वाढवून दाखवली आहे, आणि ते पाटीवर लिहा, नाहीतर कोणीतरी इंजिनीअर आजोबा उठून विचारतीलच. खरं प्रमाण ठेवलं तर डोंगर भाकरीसारखा दिसतो. समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीवरून काढता येतात, पण ती माहिती ३० मीटरच्या चौकटींची असते. तिच्यात उभे कडे घरंगळून उतार होतात. फोटो समोर ठेवून कडे हाताने सरळ कापा.

थर्माकोल घेतलंत तर दोन गोष्टींनी घात होतो. स्प्रे पेंट आणि सॉल्व्हंटचा गोंद थर्माकोल खातात, आणि साधा पांढरा फेव्हिकॉल पाणी लागलं की सुटतो. रंग पाण्यात मिसळणारा घ्या, सांधे सिलिकॉनने भरा, वर जलरोधक लेपाचे दोन हात द्या. सूरज कुंड, जौहर कुंड, मानसरोवर, गंगोला ताल, कटोरा ताल, एकखंबा ताल, राणी ताल हे सगळे कोरून खोलगट करा, निळे रंगवून भागणार नाही. पश्चिमेची उरवाईची घळ नीट खोल कापा. मग झारीने वरून पाणी घाला. कुठे साचतं, कुठून ओसंडून घळीत उतरतं, हे मुलं स्वतः बघतात. खाली कडा असलेला ट्रे ठेवायला विसरू नका.

दुसरा प्रयोग दगडाचा. किल्ल्यावरचा खडा उचलायचा नाही, ते संरक्षित स्मारक आहे. दगडवाल्याकडे 'ग्वालियर मिंट' नावाचा वालुकाश्म मिळतो, त्याचा दोनेक किलोचा तुकडा घ्या. दोन दिवस कडक उन्हात वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. फरक भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. शेजारी ग्रॅनाइटच्या फरशीचा तुकडा याच रीतीने तोला. काटा ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, भाजीवाल्याचा चालणार नाही. मात्र हे जरूर सांगा की डोंगरातून पाणी उतरतं ते मुख्यतः भेगांतून, दगड पितो तो भाग थोडा.

मग हिशेब. एक हेक्टर माथ्यावर २५ मि.मी. पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर. उघड्या खडकावरून त्यातलं साठ टक्के वाहून आलं असं धरा, म्हणजे दीड लाख लिटर, दहा हजारी टँकर पंधरा. आणि उलट बाजू : मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटीमीटर उतरते. ३० बाय २० मीटरच्या तलावातून रोज सहा हजार लिटर नुसते हवेत जातात. बावडी खोल आणि तोंडाला आवळती का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

शिलालेख_वाचक

पाणसळ यांच्याशी सहमत, फक्त एक भर. लेख आणि दंतकथा यांच्या पाट्या वेगवेगळ्या रंगांच्या ठेवा. पांढरी पाटी म्हणजे लेखी आधार, पिवळी म्हणजे लोककथा. सूरज कुंडाचं उदाहरण घ्या. राजा सूरजसेनाचं कुष्ठ ग्वालिपा साधूने दिलेल्या तिथल्या पाण्याने बरं झालं, ही पिवळी पाटी. हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षात मातृचेटाने 'गोप' नावाच्या पर्वतावर सूर्याचं दगडी मंदिर बांधलं, हा सहाव्या शतकातला लेख म्हणजे पांढरी पाटी. मूळ शिळा कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे, त्यामुळे ठशाचा मोठा फोटो लावा. गोपाचल हे नाव किती जुनं आहे, ते तिथे दिसतं.

किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या लेखात कोरलेला शून्य पाहून लोक परततात. तो लेख इ.स. ८७६ चा. त्यात आहे काय? २७० बाय १८७ हातांची फुलबाग आणि देवाला रोज ५० माळा. म्हणजे हा पाण्याचाच लेख झाला! एक हात ४५ सें.मी. धरला तर बाग सुमारे १२१ बाय ८४ मीटर, एक हेक्टरच्या किंचित वर. उन्हाळ्यात फुलझाडांना दिवसाला ५ मि.मी. पाणी मानलं तर रोज पन्नास हजार लिटर होतात. १०० लिटरची मोट असेल तर ५०० खेपा. तुमचं मोटेचं चाक याच फलकाखाली ठेवा. वर 'हात आणि मोटेचं माप आपण धरलेलं आहे' अशी ओळ हवी.

दुसऱ्या संध्याकाळी उरवाई. दिल्लीचा सुलतान अल्तमश याने १२३२ मध्ये अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला आणि मग ही घळ भिंतीने बंद केली, कारण पाणी तिथे होतं. १५२८ मध्ये बाबर आला तेव्हा त्याने ही भिंत आणि आतलं पाणी नोंदवलं, आणि तिथल्या जैन मूर्ती फोडण्याचा हुकूमही दिला. मूर्ती तोमर राजांच्या काळातल्या, पंधराव्या शतकातल्या. जौहर कुंडाचा विषय १२३२ च्या वेढ्याशी जोडलेला आहे. मुलं समोर असताना तो दोन वाक्यांत सांगा, नाट्य करू नका.

दौलतगंज

थोडं खोलीबद्दल. दगडी भिंती आणि फरशी असेल तर आवाज घुमतो. मागची भिंत जाड पडद्याने झाका, पुढच्या भागात सतरंज्या अंथरा, मुलं त्यांवर बसतील. स्पीकर दोन छोटे, बाजूंना. एकच मोठा पुढे ठेवला की मागच्यांना शब्द तुटक येतात. बोलणं एका वेळी वीस मिनिटांच्या वर नको, मधे प्रतिकृतीभोवती फिरायला दहा मिनिटं. किल्ल्यावर फोटो काढायला जाल तेव्हा ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय नाही, हे तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवा.

लष्करकर७

फार उपयोगी. मृगनयनीचं मात्र राहिलं. आमच्याकडच्या आजी तिच्याशिवाय उठणार नाहीत.

पाणसळ

सांगा की, तिसऱ्या संध्याकाळी, पिवळ्या पाटीवर. मानसिंह तोमराने (१४८६ ते १५१६) मृगनयनीसाठी तिच्या राई गावाहून सांक नदीचं पाणी नळाने आणलं, अशी कथा आहे. तिला प्रयोग जोडा. गवंड्यांकडे असते ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, दहा फूट. एक टोक टेबलावरच्या बादलीत, मधला भाग जमिनीला टेकवा, दुसरं टोक वर-खाली करा. नळीत आधी पाणी पूर्ण भरून घ्या. मधे हवेचा फुगा अडकला की पातळी खोटी दिसते आणि प्रयोग फसतो. पाणी बादलीतल्या पातळीइतकंच चढतं, त्याच्या वर एक बोटही नाही. मग विचारा : तिचा गुजरी महाल माथ्यावर नसून पायथ्याशी आहे, याचा या कथेशी काय मेळ बसतो? उत्तर लगेच देऊ नका. महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे, एका रविवारी सगळ्यांना तिथेच न्या.

चौथी संध्याकाळ त्याच सांकवर संपवता येते. तिघरा धरण १९१६ चं, विश्वेश्वरय्यांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांचं, आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटलेलं. पाणी पायाच्या वालुकाश्मात शिरलं, हे त्याचं कारण. पहिल्या शनिवारचा भिजवलेला दगड तेव्हा पुन्हा टेबलावर आणा. धरण पुढे पुन्हा बांधलं, आणि आज शहराचं बरंचसं पाणी तिथूनच येतं.

दौलतगंज

चौथ्या दिवशी आजी-आजोबांना बोलतं करा, पण 'पूर्वी पाणी कसं होतं?' असं विचारू नका. 'छान होतं' एवढंच उत्तर येतं. विचारा : विहीर कुठल्या गल्लीत? पाणी गोड की खारं? डाळ शिजायची का? दोर किती हात लागायचा, चैत्रात आणि श्रावणात वेगळा का? विहीर बुजली कधी? दोराचे हात गुणिले ४५ सें.मी. केले की त्या काळची पाण्याची खोली अंदाजे हाती येते, त्यातून कठड्याची उंची आणि वर रहाटावरचा दोर वजा करायचा. शहराच्या मोठ्या नकाशावर टाचण्या लावा, गोड पाण्याला निळी, खाऱ्याला तांबडी. शहरातली स्वर्णरेखा नदी आधी पेन्सिलीने आखून घ्या, टाचण्या तिच्या कोणत्या बाजूला पडतात ते बघायला. तिचा तळ आता काँक्रीटचा आहे, त्यामुळे जिरण्याचा विषय आपसूक निघेल.

घरचे फोटो आणले तर तिथेच ६०० डीपीआयवर स्कॅन करून लगेच परत द्या, ठेवून घेऊ नका. मागे नाव-वर्ष लिहायचं तर २बी पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढून उमटते. वापराची संमती कागदावर सहीनिशी, त्याच वेळी.