हिमोग्लोबिन १२.१, पण फेरिटिन ८. हे कसं काय?

नमस्कार मंडळी,

वय ३८, शाकाहारी. पाच-सहा महिन्यांपासून जिना चढले की धाप लागते, आणि मोरीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा आकडा) मात्र ८. सासूबाई म्हणाल्या, "बारा आहे की! माझं कधी दहाच्या वर गेलं नाही." आता यावर काय बोलणार!

डॉक्टरांनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. बाहेर ही रांग, त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं. दीड महिना झाला, फरक शून्य, वर पोट साफ होत नाही ते वेगळंच. पालक, बीट, गूळ, अळिवाचे लाडू, सगळं चालू आहे. मग हे लोह जातं कुठे? आणि हिमोग्लोबिन ठीक असताना फेरिटिन इतकं कमी कसं? कृपया जाणकारांनी सांगा.

तिखटमीठ : गोळ्या कधी घेता? कशाबरोबर?

धागाकर्ती : सकाळी पोहे-चहा झाला की दोन्ही एकदम. नाहीतर विसरते.

तिखटमीठ : तिथेच घोळ आहे. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी चहापासून दोनेक तास लांब ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियम रात्री.

जुनीलॅबवाली : मी डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज बघते. शरीरात जेमतेम ३-४ ग्रॅम लोह असतं, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. शिल्लक राहतं ते मुख्यतः यकृतात, फेरिटिनच्या रूपात. आवक घटली की शरीर आधी ही शिल्लक उपसतं आणि हिमोग्लोबिन सावरून धरतं. ते पडतं सगळ्यात शेवटी. बायकांत १२ ही खालची मर्यादा, तुम्ही अगदी काठावर आहात.

एरवी लोह वाया जात नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ती मोडली की तिचंच लोह पुन्हा वापरलं जातं. रोजचा खर्च १ मिलिग्रॅमच्या आसपास. मात्र जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, म्हणून राखण आतड्याच्या दारावरच. यकृतातलं हेप्सिडिन हे संप्रेरक किती आत घ्यायचं ते ठरवतं. एक गोळी घेतली की तेही वाढतं आणि पुढचा दिवसभर दार किलकिलंच राहतं. त्यामुळे काही डॉक्टर दिवसाआड गोळी देतात, पोटाचा त्रासही कमी होतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका. शिल्लक भरायला काही महिने लागतातच. पालकावर फार भिस्त नको, त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. आणि पाळी कशी आहे? ते लिहिलंच नाहीत.

धागाकर्ती : सात दिवस, त्यातले तीन भरपूर. हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. उद्याच फोन करते. कॅल्शियम आजपासून रात्री. चहाचं मात्र अवघड आहे, सकाळचा चहा सासरे करतात, आणि माझा कप भरूनच हाक मारतात.