वेगळ्या वंशाचे मित्रमैत्रिणी आणि रोजचा भेदभाव : तुमचे अनुभव लिहा

आज दुकानातून बाहेर पडताना दारावरच्या गार्डने माझ्या पुढच्या ब्लॅक मुलाला थांबवलं, पिशवी उघडायला लावली आणि मला मात्र जा म्हणून खूण केली. माझी पिशवी त्याच्यापेक्षा मोठी होती. तेव्हापासून होस्टेलमधली रूममेट डोक्यातून जात नाहीये. ती कृष्णवर्णीय. साधं पेन घेतलं तरी पिशवी मागून घ्यायची, पावती पर्समध्ये न टाकता पार कोपऱ्यावर वळेपर्यंत हातात धरायची. आत शिरायच्या आधी जॅकेटची टोपी खाली, हात खिशाबाहेर. घ्यायचं नसेल ते उचलून बघायची पण नाही. हे सगळं तिच्या आईने ती लहान असतानाच शिकवलेलं. मी बरोबर असले की म्हणायची, चल आज तू आहेस, आज निवांत बघू. ऐकून पोटात तुटायचं. तुमच्याही मित्रमैत्रिणींच्या अशा गोष्टी असतील तर लिहा, मोठे प्रसंगच हवेत असं नाही.

—

केस!!! माझ्या मैत्रिणीच्या वेण्यांना लिफ्टमध्ये अनोळखी बायका हात लावतात, न विचारता. वर "किती छान" म्हणतात म्हणजे तिने रागावायचं पण नाही. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदाच केला की केसांच्या ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायचा नाही. कायदा करावा लागला यातच आलं सगळं. कुकर लावलाय, नंतर येते.

—

आमच्या कॉलेज ग्रुपच्या प्रत्येक फोटोत एक मित्र नेमका काळोखात. बाकी सगळे छान आणि त्याचे फक्त दात आणि डोळे. लोक हसायचे, तोही हसायचा, पण मग फोटो काढायची वेळ आली की तो आपोआप खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा किंवा "आण, मी काढतो" म्हणून कॅमेराच हातात घ्यायचा. कितीतरी सहलींच्या फोटोंत तो नाहीच. पुढे मी फोटोग्राफी शिकलो तेव्हा कळलं की रंगीत फिल्म आणि प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो वापरायचे, शर्ली कार्ड म्हणतात त्याला. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर. बाकीच्यांचा विचार कुणी केलाच नव्हता. हे वाचल्यावर मी त्याला तिथल्या तिथे फोन केला. तो म्हणाला, म्हणजे माझ्या चेहऱ्यात काही प्रॉब्लेम नव्हता तर! हसत म्हणाला पण मला बोलवेना. आणि हे फिल्मबरोबर संपलं नाही, 2018 च्या एका अभ्यासात चेहरा बघून स्त्री की पुरुष सांगणारी सॉफ्टवेअर्स तपासली तर गोऱ्या पुरुषांत चुका 1 टक्क्याच्या आत आणि सावळ्या-काळ्या बायकांत जवळजवळ 35 टक्क्यांपर्यंत.

—

बाप रे. वरचं वाचून अंगावर काटा आला.

—

मैत्रीण नोकरीच्या अर्जात मधलं नाव पुढे करते, ते ऐकायला गोरं वाटतं म्हणून. 2004 साली बॉस्टन आणि शिकागोमधला प्रयोग छापून आला होता, सारख्याच दर्जाचे बायोडेटा पाठवले, गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण 50 टक्के जास्त फोन आले. तिला मात्र हे कुठल्या प्रयोगावरून कळायची गरज पडली नव्हती.

—

जरा विषयांतर, पण मैत्रीवरून आठवलं म्हणून. 1936 बर्लिन ऑलिंपिक, लांब उडी. अमेरिकेच्या कृष्णवर्णीय जेसी ओवेन्सला सुवर्ण, जर्मनीच्या लुट्झ लाँगला रौप्य, आणि हिटलरच्या राज्यात, भरल्या स्टेडियममध्ये लाँगने जाऊन ओवेन्सचं अभिनंदन केलं, दोघं हातात हात घालून चालले. लाँग 1943 मध्ये युद्धात गेला. ओवेन्सने नंतर त्याच्या मुलाशी संबंध ठेवला. माझ्या लेकाला ही गोष्ट दर आठवड्याला हवी असते.

—

मी नर्स आहे, ड्यूटी संपवून लिहितेय त्यामुळे तुटक. वॉर्डातली माझी जवळची सहकारी ब्लॅक आहे, वर्षानुवर्षांची सीनियर. पेशंट तिच्याकडे बघून मला विचारतात, "सिस्टर कुठे आहेत?" ती काही न बोलता बीपी घेते. मी आता तिथेच म्हणते, ह्याच सिस्टर, मी यांच्या हाताखाली शिकले. तीच आम्हाला बजावायची की सावळ्या-काळ्या पेशंटचा ऑक्सिमीटरचा आकडा डोळे मिटून धरू नका. 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलंच, आकडा ठीक पण रक्तात ऑक्सिजन कमी, असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा सापडलं.

—

सिस्टर, तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. आणि एक विचारू का? माझे वडील चांगले काळे आहेत, दम्याचा त्रास आहे, घरी तेच मशीन आहे बोटाला लावायचं. मग ते फेकून देऊ का?

—

नाही नाही, फेकू नका. काकांचा तब्येत बरी असतानाचा आकडा लिहून ठेवा, त्याच्यापेक्षा घसरतोय का ते बघा. बोटं गार असली तर चोळून गरम करा आणि मग लावा. पण बोलताना धाप लागतेय, वाक्य पुरं होत नाहीये, गुंगीत वाटतायत, हिरड्या किंवा ओठांची आतली बाजू निळसर-राखाडी दिसतेय, यातलं काहीही झालं तर मशीन कितीही चांगलं दाखवू दे, थेट हॉस्पिटल.

—

थँक्यू सिस्टर. लिहून फ्रिजवर लावते आत्ताच.